एका घरात एकच शेगडी

अमेरिकेतल्या सांता क्लारा शहराचे सगळे नियम मनापासून पाळणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो सांगलीचा होता. हे माझ्या बायकोचे मामा. ऐंशीच्या दशकात आम्ही त्यांच्या समोरच्या घरात राहायचो. रस्ता रिकामा असला तरी स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवून ते तीनपर्यंत मोजत. मागच्याने हॉर्न वाजवला तर पुन्हा एकपासून. लॉनचं गवत फूटपट्टीने मापत. सिटी हॉलमधून आणलेलं झोनिंगचं, म्हणजे कुठे काय बांधता येतं याच्या नियमांचं, जाडजूड पुस्तक त्यांनी पोथीसारखं रोज एक पान वाचून संपवलं होतं. माझं कुंपण चार इंचांनी उंच होतं, तेही मला दर रविवारी ऐकावं लागे.

अशा माणसाने बेकायदा शेगडी बसवली.

त्यांची थोरली बहीण, आक्का, विधवा होऊन एकटी पडली, म्हणून मामांनी तिला इकडे आणलं. मामींच्या किचनमध्ये मुलांसाठी चिकन शिजे. आक्का कुणाला नावं ठेवत नसत, पण त्या ओट्यावरचं त्यांच्या घशाखाली उतरेना. दोन महिने त्या दूध-केळ्यांवर राहिल्या. शेवटी मामांनी परमिट काढून मागच्या अंगाला त्यांच्यासाठी खोली बांधली. खोली चालत होती, शेगडी चालत नव्हती. त्या वस्तीत एका प्लॉटवर एकच घर, आणि पुस्तकाच्या लेखी दुसरी शेगडी म्हणजे दुसरं घर. तरी मामांनी ती बसवली. आक्का जेवू लागल्या आणि मामांची झोप उडाली. दारासमोर अनोळखी गाडी थांबली की ते पडद्याआड जात.

कुणीतरी तक्रार केलीच. गुरुवारी इन्स्पेक्टर येणार, नियम मोडलेला आढळला तर खोली रिकामी करावी लागेल, असं पत्र आलं. बुधवारी मामा आणि मी शेगडी ब्लँकेटमध्ये गुंडाळून माझ्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. एवढासा रस्ता ओलांडताना मामांना धाप लागली.

इन्स्पेक्टर वयस्क, शांत माणूस होता. आक्का पलंगावर बसून होत्या. त्याने भिंतीतला बूच लावलेला गॅसचा पाइप पाहिला आणि सहीसाठी पेन काढलं. जाता जाता त्याने सहज विचारलं, इथे कुणी स्वयंपाक करतं का? मामी ‘नो’ म्हणणार, तेवढ्यात मामांनी सांगून टाकलं की माझी बहीण करते, आणि शेगडी त्या समोरच्या घरात आहे. बोट थेट माझ्या गॅरेजकडे.

पेन खिशात गेलं. इन्स्पेक्टर म्हणाला, आधीच सवलतीसाठी अर्ज केला असता तर शहराच्या बोर्डाने कदाचित दिलीही असती.

मग सुनावणी झाली. मामांनी उभं राहून स्वतःचा गुन्हा कलमासकट वाचून दाखवला आणि सांगितलं, नियम बरोबर आहे, पण माझी बहीण उपाशी राहत होती. बोर्डाने खोली राहू दिली. शेगडी गेली. परतताना गाडीत आक्का एवढंच म्हणाल्या, "अरे, माझ्यापायी तुला चोरासारखं वागावं लागलं, ते मला उपासापेक्षा जड गेलं."

त्यानंतर आक्का पहाटे पाचला उठून, मामींचा ओटा घासून, सगळे उठायच्या आत आपला भात-आमटी करून घेत. शेवटपर्यंत त्यांनी तो नेम चालवला.

पुढे बऱ्याच वर्षांनी नियम बदलले. परसातल्या खोलीत किचन चालू लागलं. ही बातमी मामांनीच मला फोनवर वाचून दाखवली. आक्कांना जाऊन तेव्हा खूप दिवस झाले होते.

"जावईबापू, मी आख्खं पुस्तक वाचलं," ते म्हणाले, "पण सिटी हॉलच्या काउंटरवर जाऊन एकदा विचारलं नाही. थंडीतसुद्धा ती पाचला उठायची हो."