सासूच्या आवाजात रडलेली सून

सोलमे गावात कुणाकडे मयत झालं की म्हाताऱ्या बायका अजूनही म्हणतात, रडावं तर पिल्सुनसारखं. सासूच्या शवपेटीपुढे ती रडायला बसली आणि तिच्या तोंडून निघाला तो सासूचाच आवाज. तोच चिरका सूर, तेच मध्ये दम घेणं. तिरडी उचलायला आलेले बारा गडी जागच्या जागी थिजले. सुनेची माया इतकी, की सासूचा जीव जाता जाता तिच्या गळ्यात उतरला, म्हणे. सांगणारी रंगात आली तर त्यात एक पांढरं फुलपाखरूही येतं आणि पेटीवर बसतं.

फुलपाखरू कुठून येणार? नदी गोठली होती त्या आठवड्यात. आणि जीव-बीव काही उतरला नव्हता. पिल्सुनला तो आवाज येत होता, कारण नऊ वर्षांपूर्वी तिने तो स्वतः घोटून घोटून बसवला होता. पाणवठ्यावर, बायकांना हसवायला.

पिल्सुन सोलमेला सून म्हणून आली ती युद्ध थांबायच्या आदल्या वर्षी. वय एकोणीस. माहेर सेतगोल, म्हणून सासरी सगळे तिला ‘सेतगोलवाली’ म्हणत. नवरा फौजेत. घरात सासू-सासरे आणि ही. ती आली वसंतात आणि सासरे गेले शरदात, त्यामुळे सासऱ्यांचा आवाज तिला फारसा ऐकायला मिळाला नाही. याचं तिला आजही वाईट वाटतं, कारण ते तोतरे होते असं ऐकून आहे.

तर सासरे गेले, आणि घरात दोन वर्षांचं सुतक सुरू झालं. अंगणाच्या कडेच्या खोलीत त्यांच्या नावाची पाटी मांडली. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे भात, रस्सा, भाजी ठेवायची आणि तागाचे कपडे घालून मोठ्याने रडायचं. ‘आयगो, आयगो’ करून, शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असं. दुःख आलं तर रडायचं आणि नाही आलं तर नको, असा हा प्रकार नव्हता. भात चुलीवरून उतरला की रडायची वेळ झाली.

सासू मनापासून रडायची, पण एकटीच्या जिवावर घरही चालवायची. त्यामुळे तिचं रडणं ऐकण्यासारखं असायचं. ‘आयगो, आयगो, मला कुणाच्या भरवशावर टाकून गेलात... अगं सूनबाई, कोंबडी बघ मुळ्याच्या वाफ्यात शिरली... आयगो, आयगो.’ सूर जिथे तुटला तिथूनच पुन्हा धरायचा, एक पट्टी इकडे नाही की तिकडे नाही. आणि वर चढताना मध्येच घशातून ‘हिक्’ असा दम घ्यायचा.

पिल्सुनला कान होता. हा तिचा गुण म्हणा, खोड म्हणा. लहानपणी ती सेतगोलच्या मास्तरांचं खाकरणं असं करायची, की आख्खा वर्ग उठून उभा राहायचा. सासरी आल्यावर तोंड मिटून होती. पण रोज दोनदा असला माल समोर चालून येतो म्हटल्यावर किती दिवस कळ काढणार? आधी ती मनात करून बघायची. मग चुलीपुढे ओठांतल्या ओठांत. मग एकदा गोठ्यात, बैलासमोर. बैलाने मान वर केली म्हणजे जमलं, असं तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी पाणवठ्यावर सहा-सात बायका कपडे धूत होत्या. बर्फ फोडून पाणी काढलेलं, हाताची बोटं गाजरासारखी झालेली. कुणीतरी म्हणालं, सेतगोलवाले, तुझ्या सासूचं सकाळचं गाणं आज आमच्यापर्यंत आलं बाई. पिल्सुनने धोपटणं खाली ठेवलं, ओली चादर डोक्यावर घेतली, पाय दुमडून बसली आणि सुरू झाली.

कोंबडी आली, मुळ्याचा वाफा आला, करपणारा भात आला, ‘हिक्’ आला. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. एकीचं लुगडं पाण्याबरोबर वाहत निघालं तरी तिला उठवेना. त्या हसण्यामुळे पिल्सुनला चेव आला आणि तिने घरात कधीच न घडलेलं एक वाक्यही घुसडलं. ‘आयगो, आयगो, गेलात तर गेलात, चावी कुठे ठेवली ते तरी सांगायचं.’

मग बायका एकेक करून हसायच्या थांबल्या. पिल्सुनला वाटलं, दम लागला असेल. तिने मागे वळून पाहिलं तर वाटेवर सासू उभी. हातात फडक्यात गुंडाळलेले उकडलेले बटाटे, वाफ निघत होती. थंडीत सून उपाशी गेली म्हणून ती मागोमाग घेऊन आली होती.

सासूने बटाटे दगडावर ठेवले आणि आली तशी निघून गेली.

त्या संध्याकाळी भात झाला. सासूने तागाचे कपडे घातले, पाटीपुढे बसली, तोंड उघडलं, आणि आवाज निघालाच नाही. नुसते ओठ हलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सुतकाचे अजून दहा महिने राहिले होते. त्या दहा महिन्यांत त्या घरातून कुणाला सासूचं रडणं ऐकू आलं नाही. पिल्सुन एकटीच रडायची, आपल्या पातळ आवाजात, जमिनीकडे बघून.

गाव काय बहिरं होतं? बोलायला लागलं. भाऊकीतले थोरले चुलते दारात येऊन, आत न बसता, अंगणातूनच म्हणाले, ‘वहिनी, सुतक सरलं नाही तोच डोळ्यांतलं पाणी आटलं का?’

पिल्सुन तेव्हा कोबी चिरत होती. तोंडावर आलं होतं तिच्या. एक वाक्य बोलायचं होतं, की चुलते, यात दोष माझा आहे. ती कोबी चिरत राहिली.

सासू म्हणाली, ‘घसा बसलाय, भाऊजी.’

दहा महिने घसा बसलेली बाई म्हणून गावाने तिला नावं ठेवली. पाणवठ्यावरच्या बायकांना खरं ठाऊक होतं, पण त्यांनीही तोंडाला कुलूप घातलं, कारण हसण्यात सगळ्याच होत्या. आणि सासू सुनेला एका शब्दानेही टोचून बोलली नाही. उलट थंडीत बटाटे द्यायची, पण घरून निघतानाच द्यायची. पाणवठ्याची वाट तिने पुन्हा धरली नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पिल्सुनला वाटायचं. शिवी मागता येत नाही ना पण.

नऊ वर्षांनी सासू अंथरुणाला खिळली. तोवर पिल्सुनला तीन मुलं झाली होती, नवरा फौजेतून परतून शेती बघत होता. एका दुपारी घरात दोघीच होत्या. पिल्सुन भाताची पेज भरवत होती. सासूने चमचा हाताने बाजूला केला.

‘पोरी, तू ते पाणवठ्यावर करत होतीस ना, ते कर एकदा.’

‘काय ते, आई?’

‘मी रडते ते. त्या दिवशी मी नीट ऐकलंच नाही. लाज वाटली आणि निघून आले. मी कशी रडत होते ते मला तरी ऐकू दे.’

नऊ वर्षं जे सांगायचं होतं ते सांगायला सासूने स्वतः दार उघडून दिलं होतं. पिल्सुनच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं. आणि ती म्हणाली, ‘मला नाही बाई आठवत काही, आई. तुम्हीच काहीतरी दुसरं ऐकलं असेल.’

सासूने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. पेज तशीच राहिली. चार दिवसांनी ती गेली.

म्हणून पेटीपुढे बसल्यावर पिल्सुनच्या तोंडून आधी काहीच निघालं नाही. भोवती सगळी भाऊकी, सून कशी रडते हे बघायला टपलेली. चुलत्यांच्या बायकोने मागून चिमटा काढला. पिल्सुनने तोंड उघडलं, आणि जे सासूने मागितलं तेव्हा दिलं नव्हतं ते बाहेर आलं. तोच सूर, तोच ‘हिक्’. कोंबडी नाही, चावी नाही, नुसतं रडणं. सासरहून येऊन फाटकात पोचलेली नणंद ‘आई’ म्हणून अनवाणी धावत आत आली आणि पेटी बघून उंबऱ्यातच बसली.

पुढे दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, पिल्सुन त्याच आवाजात रडली. तिला स्वतःचं रडणं सापडेना. लोक फाटकाबाहेर थांबून ऐकायचे आणि डोळे पुसायचे. सुतक फिटल्यावर तालुक्याच्या जुन्या गुरुकुलातली, रीतीरिवाज जपणारी टोपीवाली मंडळी आली आणि ‘आदर्श सून’ असा कागद काचेत बसवून देऊन गेली. नवऱ्याने तो बैठकीत दाराच्या वर लावला. त्या बैठकीत ती पाहुण्यांना जेवायला वाढायची तेव्हा दाराकडे पाठ करून बसायची. सगळ्यांना वाटे, किती विनय.

आता पिल्सुन ब्याण्णव वर्षांची आहे. मागच्या वर्षी भाऊकीने ठरवलं, की गावाच्या वेशीवर तिच्या नावाचा दगड उभारायचा. पुढाकार सोक्ते आजोबांचा. हे त्या थोरल्या चुलत्यांचे नातू, भाऊकीचे सध्याचे कारभारी. कवळी सैल, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘टक्’ असा आवाज येतो. ‘आपली परंपरा आहे. टक्.’

हे लिहिणारी पोरगी, म्हणजे पिल्सुनची पणती सोयुल, त्यांची नक्कल फार सुरेख करते. निदान तिला तसं वाटतं. दगडावरच्या मजकुराची सभा ठरली त्या आठवड्यात ती पणजीसमोर हीच नक्कल करत होती आणि हसून हसून गडबडा लोळत होती. पणजी हसली नाही. पणजीने तिला बसवलं आणि वर लिहिलंय ते सगळं, बटाट्यांपासून पेजेपर्यंत, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. आणि म्हणाली, हे मी सभेत सांगणार आहे.

सोयुल म्हणाली, शक्यच नाही. सत्तर वर्षं गप्प बसलीस, आता दगड दारात आल्यावर कशाला बोलशील? पैज लाव. पणजीने लावली. सोयुल जिंकली तर पणजीने तिला चावीवालं वाक्य शिकवायचं. पणजी जिंकली तर सोयुलने यापुढे ज्याची नक्कल करायची ती त्याच्या तोंडावर करायची, पाठीमागे नाही. सोयुलला वाटलं, पैज कसली, हे तर बक्षीसच.

सभेत सोक्ते आजोबांनी मजकूर वाचला. सासूचा आत्मा, सुनेची भक्ती, सगळं होतं, फुलपाखरू तेवढं नव्हतं. मग म्हणाले, आजी, दोन शब्द बोला. पिल्सुनने काठी टेकली पण उभी राहिली नाही. बसल्या जागी सगळं सांगितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तुमच्या आजोबांनी तिला अंगणातून बोल लावला तेव्हा मी कोबी चिरत होते, हेही सांगितलं. पुढच्या रांगेतल्या दोघी सुना मान खाली घालून चटईचे धागे उपटत होत्या.

शेवटी सोक्ते आजोबा म्हणाले, ‘पण आजी, दगड येऊन पडलाय.’

‘मग पाणवठ्यावर टाका,’ पिल्सुन म्हणाली. ‘माझं नाव घालू नका म्हणजे झालं. मी सासूची भक्ती केली नाही. तिचं रडणं चोरलं, आणि तिने मागितलं तेव्हा परतही दिलं नाही.’

मग ती बराच वेळ रडली. या खेपेला तो आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता. घोगरा, बेसूर, मध्येच खोकला येणारा.

डोळे पुसून झाल्यावर तिने काठीने सोयुलच्या गुडघ्याला टोचलं आणि सगळ्या भाऊकीसमोर सांगितलं, की ही पोरगी एक पैज हरली आहे आणि तिला सोक्तेसाठी काहीतरी करून दाखवायचं आहे. सोयुलच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. तिने दाराकडे पाहिलं. दारात तिची आई उभी होती, हाताची घडी घालून.

सोक्ते आजोबांनी अंगठ्याने कवळी वर दाबून नीट बसवली, तिच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, ‘हं, कर. मला मी कसा बोलतो ते ठाऊक नाही.’