हल लिहिलं की जळ

जुन्नरात जळणाऱ्या माणसांची वाण नाही. शेजाऱ्याचा टोमॅटो चांगला निघाला की जळतात, व्याह्यानं नवा ट्रॅक्टर घेतला की जळतात. पण ही सगळी हौशी मंडळी. टोमॅटो सडला की यांचं जळणं थांबतं. उन्हाळा-पावसाळा न बघता बारमाही जळणारा माणूस आमच्याकडे एकच, दस्तगीरचाचा.

लहानपणी तापात चाचांची दृष्टी गेली. पुण्याच्या अंधशाळेत ते दोन गोष्टी शिकले, वेताच्या खुर्च्या विणणं आणि ब्रेल. खुर्च्या अशा विणल्या की तालुक्यातले कितीतरी साहेब त्यांच्या विणीवर बसून निवृत्त झाले. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि चाचा प्लॅस्टिकवर जळू लागले. त्यानंतर बिबट्यावर. "त्यानं एक कुत्रं उचललं की पेपरात फोटो," ते म्हणत, "मी जन्मभर खुर्च्या विणल्या, एक ओळ न्हाई." रहिमाबी, म्हणजे चाचांची बायको, यावर सुचवत असे की तुम्हीही एखादं कुत्रं उचलून बघा.

ब्रेलच्या बाबतीत मात्र चाचांना कुणावर जळायची गरज पडली नव्हती, कारण तिथं त्यांच्यापुढं कुणी नव्हतंच. त्यांच्याकडे धातूची ब्रेलपाटी होती आणि टोचणी होती. पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोचणीनं एकेक टिंब टोचायचं. टिंबं उठतात कागदाच्या पलीकडच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, तेही प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं, आणि मग कागद पालथा करून सुलटं वाचायचं. चोळी आतून शिवून मग उलटवतात ना, तसं. याच पाटीवर चाचांनी गल्लीतल्या अर्शियाला अक्षरं शिकवली. ती जन्मांध. तिचं बोट चुकलं की चाचा टोचणीनं टोचत, आणि वाक्य बरोबर आलं की रहिमाबीकडून शेवया मागवत. पोरगी टोचण्या आणि शेवया दोन्ही खाऊन हुशार झाली.

इतकी हुशार, की पुण्याला शिकली आणि तिथल्याच एका कंपनीत लागली. तिथं अंध माणसांसाठी एक यंत्र तयार होत होतं, जेवणाच्या डब्याएवढं. वर ब्रेलच्या अक्षरातल्या सहा टिंबांच्या सहा कळा, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. त्या दाबून ब्रेल लिहायचं. खाली एक पट्टी, तिच्यात बारीक टाचण्या वर-खाली होऊन वीस अक्षरं उठतात आणि बोटाला वाचता येतात. शिवाय यंत्र बाईच्या आवाजात बोलतंही. डोळस माणूस अख्खा पडदा एका नजरेत बघतो, बोटाला मात्र एका वेळी वीसच अक्षरं. त्यात आधी काय यावं, मग काय यावं, बोट चुकलं तर परत कसं यावं, हे सगळं मराठीत बसवण्याचं काम अर्शियाकडे होतं.

आणि चाचांच्या पोटात निखारा पडला.

इथल्या एका शाळेनं अर्शियाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मंचावर प्लॅस्टिकची नको म्हणून हेडमास्तरांनी कपाटामागची जुनी वेताची खुर्ची काढली. चाचा पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मंचावर जाऊन खुर्चीवरून हात फिरवला आणि घरी येऊन जेवले नाहीत. रहिमाबीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "खुर्ची माझी, बसली ती."

त्या दिवसापासून चाचांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. अर्शियानं एकदा, चारचौघांत नाही तर नाही, निदान त्यांच्या ओट्यावर म्हणावं, की चाचा, तुमच्या पाटीची सर या डब्याला नाही.

अर्शिया ईदला आली ती यंत्र घेऊनच. ते चाचांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली की मराठीचं काम पुरं करायचं आहे, तुम्ही वापरा आणि चुका काढा. चाचांना वाटलं, बकरं स्वतःच्या पायानं आलं. आता याला असं सोलतो की कंपनी बंद पडेल.

अर्शिया पुण्याला परतली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाआधी तिला फोन सुरू झाले. पहिली तक्रार 'कृपया'ची. यंत्र प्रत्येक गोष्ट 'कृपया आपली' अशी सुरू करायचं. म्हणजे वीस अक्षरांतली निम्मी आदबशीरपणात खलास, आणि मुद्दा पट्टीच्या बाहेर.

"अगं, बेल्ह्याच्या बाजारात बैलानं पायावर पाय दिला तर काय म्हणशील?" चाचा फोनवर म्हणाले. "कृपया आपला पाय? तू आधी पाय म्हणशील. मग बैलाचं खानदान काढशील."

अर्शिया खळखळून हसली, शुक्रिया म्हणाली, आणि सगळे 'कृपया' काढून टाकले. चाचांना हे अजिबात आवडलं नाही. शिवी द्यावी आणि समोरच्यानं ती फुलासारखी केसात माळावी, याला काय अर्थ आहे? त्यांनी जास्त विखारी तक्रार शोधली. 'नवी नोंद', 'नवी तारीख', 'नवा पत्ता', सगळं 'नव'नंच सुरू होतं, बोटानं ओळखायचं कसं? अर्शियानं 'नोंद नवी', 'तारीख नवी', 'पत्ता नवा' केलं. 'जपून ठेवा'च्या शेजारीच 'पुसा' का ठेवलंय, एक डुलकी लागली की अख्खं पुराण पुसलं जाईल, असं ते ओरडले. अर्शियानं 'पुसा' लांब हलवलं आणि पुन्हा शुक्रिया म्हणाली. यंत्र दिवसेंदिवस चांगलं होत चाललं आणि चाचा दिवसेंदिवस वाळत चालले. आपण ज्याला मारायला निघालो त्याला रोज खुराक घालतोय, हे त्यांना कळत होतं. पण चूक सापडल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

एक गोष्ट मात्र ते टाळत होते. यंत्रावर ते नुसते वाचायचे, लिहीत नसत. विचारलं तर म्हणायचे, लिहायला पाटी आहे की.

एका दुपारी रहिमाबी शेजारी गेली होती. घरात कुणी नाही अशी खात्री करून चाचांनी कळांवर बोटं ठेवली. काहीतरी लिहायचं होतं. पण आधी यंत्राची एक सूचना मध्येच अडकून बसली होती, ती जाईना. चाचांनी ताशेवाल्यासारखं कळांवर बडवलं. सूचना गेली, पण चाचांचा राग गेला नाही. सूचनेला म्हणायची राहिलेली दोनच अक्षरं त्यांनी चिडून लिहिली, 'हल'.

यंत्र गोड आवाजात म्हणालं, "जळ."

त्यांनी पुन्हा लिहिलं, हल. यंत्र म्हणालं, "जळ." पट्टीवर बोट फिरवलं. तिथंही तेच.

रहिमाबी परत आली तेव्हा चाचा टोपी घालून दारात उभे होते, काखेत यंत्र. अर्शिया पुण्याहून पुन्हा सुट्टीला आलेली होती. चाचांनी तिच्या ओट्यावर चढून जो तोफखाना सुरू केला तो ऐकायला गल्ली गोळा झाली. तुला अक्षरं मी शिकवली, तू या चेटकिणीला माझी निंदा शिकवलीस, माझ्या पाठीमागं बोलायचं ते आता डब्यात भरून पाठवतेस, असं बरंच. अर्शियाला आधी काही उमगेना. मग तिनं चाचांना लिहून दाखवायला सांगितलं आणि आपले हात हलकेच त्यांच्या हातांवर ठेवले.

चाचांच्या बोटांनी 'हल' लिहिलं. यंत्र म्हणालं, "जळ."

अर्शियाला हसू आवरेना. चाचा आयुष्यभर पाटीवर उलटं लिहीत आले होते, डावीकडची टिंबं उजवीकडे. यंत्रावर मात्र सुलटंच दाबायचं असतं. चाचांचे हात जन्माच्या सवयीनं बाजू बदलून कळा दाबत होते. आणि ब्रेलमधला 'ह' आरशात धरला की होतो 'ज', आणि 'ल'चा होतो 'ळ'. यंत्र बिचारं निर्दोष होतं. जे लिहिलं ते वाचत होतं.

गल्ली हसली. रहिमाबी तर भिंतीला टेकून हसली. "मला चाळीस वर्षं लागली हे समजायला," ती म्हणाली, "डब्यानं एका शब्दात ओळखलं."

चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात मांडीखाली घेतले. "म्हंजे माझी बोटंच उलटी," ते म्हणाले. "मग चुका काढायला माझ्याकडं कशाला आलीस?"

अर्शिया त्यांच्या शेजारी बसली. "चाचा, कौतुक करणारे मला लई मिळाले," ती म्हणाली. "जळणारे तुमी एकटेच. कौतुकवाल्यांना 'कृपया'सुद्धा गोड वाटत व्हतं."

चाचांनी यंत्र तिच्याकडे ढकललं आणि घरी गेले. अर्शिया पुण्याला परतल्यावर आठवडाभर सकाळचा फोन झाला नाही. तिला तिथं करमेना, असं तिची आई सांगते.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा यंत्र पुन्हा चाचांच्या मांडीवर ठेवलं. आता ते सुरू होताच पट्टीवर, पहिल्या वेळेपुरता, एकच प्रश्न उठला, 'पाटी की कळा?' चाचांनी 'पाटी' निवडलं. मग दबकत, जुन्या सवयीनं, उलट्या बोटांनी लिहिलं.

"हल," यंत्र म्हणालं.

चाचांनी पुन्हा लिहिलं. हल. मग आपलं नाव, रहिमाबीचं नाव, बिबट्या. सगळं सुलटं. बराच वेळ ते चूक शोधत राहिले आणि चूक सापडेना. चेहरा असा झाला, जणू कुणी खिसा कापलाय.

"पाटी चांगली की हे?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"ते मी सांगणार न्हाई," अर्शिया म्हणाली. "पण हे आता पाटी शिकलंय. तुमच्याकडनं."

चाचा विचारात पडले. हवं ते वाक्य तर मिळालं नव्हतं, पण मिळालं त्यातून काहीतरी काढता येण्यासारखं होतं. मग त्यांनी यंत्र छातीशी धरलं. "म्हंजे हे माझं शागीर्द झालं," ते म्हणाले. "शागिर्दानं उस्तादाच्या घरी ऱ्हायाचं असतं."

यंत्र चाचांकडेच राहिलं. याचा अर्थ ते सुधारले असा कुणी काढू नये. लोणीच्या संपतभाऊंना, तेही जुने पाटीवाले, असंच यंत्र मिळालं आणि त्यांनी फोन करून पाटीच्या सोयीची इतकी तारीफ केली की चाचा दोन दिवस धुमसत होते. माझ्या बोटांची सोय, आणि मजा तो मारतोय.

रहिमाबीनं मात्र अर्शियाकडून एक गोष्ट शिकून घेतली आहे, 'पाटी'वरून 'कळा'वर कसं जायचं ती. चाचा संपतभाऊंचं नाव काढून फार कुरकुरले की ती येता-जाता गुपचूप तेवढं करून ठेवते. मग सकाळी चाचा चहाआधी यंत्र उघडतात, तपासायला म्हणून 'हल' लिहितात, आणि स्वयंपाकघरातून भांडी आपटायचा आवाज थांबतो, उत्तर ऐकायला.