कमरेवरच्या चार पट्ट्या

पनवेलला वडाळे तळ्याजवळ हाडांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत होते. हा शब्द पेशंटांच्या तोंडात बसायचा नाही, म्हणून मला सगळे 'शेकवाल्या बाई' म्हणायचे. भाताची लावणी करून कंबर धरलेल्या बायका यायच्या, मिठागरात आयुष्य घालवलेले म्हातारे यायचे, इमारतींच्या कामावर पडून हात-पाय मोडून घेतलेली माणसं यायची. माझ्याकडे साधनं बेताचीच होती. त्यात मला सगळ्यात आवडायचं ते टेन्सचं यंत्र.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढा एक डबा. आत चौकोनी बॅटरी, वर दोन बटणं आणि एक खटका. डब्यातून वायरी निघायच्या आणि त्यांच्या टोकांना काळ्या रबराच्या चार पट्ट्या. पट्ट्यांना जेल लावून त्या दुखऱ्या जागेच्या आसपास टेपनं चिकटवायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं. कातडीखाली झिणझिण्या सुरू होतात आणि दुखण्याची धार कमी होते. दुखणं जात नाही, धार जाते. हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत असे.

मला दिवस गेले तेव्हा कॉलेजात ऐकलेलं एक वाक्य आठवलं. बाहेरच्या देशांत बाळंतपणाच्या कळांसाठीही हे यंत्र वापरतात, असं आमच्या मॅडम जाता जाता बोलल्या होत्या. परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नव्हता, त्यामुळे कुणी लिहूनही घेतलं नाही. आता मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं तर तिथं वडील आणि भाऊ, बाई माणूस कुणी नाही. म्हणून पनवेललाच राहायचं ठरलं. कळांची मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची हे कळत नव्हतं.

बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना मी सातव्या महिन्यात विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे कळा येत असताना तू करंट लावून घेणार?"

"पोटावर नाही, पाठीवर. चार पट्ट्या. बाळाला त्याचा त्रास होत नाही. तुम्ही ठोके ऐकाल तेव्हा बंद करीन."

"आणि उपयोग नाही झाला तर?"

"तर काढून टाकीन."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "लाव. पण मी काढ म्हटलं की काढायचं. तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही."

डॉक्टर तयार झाल्या, हाडांच्या डॉक्टरांनीही मी कामावर परत येईपर्यंत यंत्र घरी न्यायला दिलं, पण सासूबाई तयार होईनात. माझं सासर विचुंब्याचं, आगरी. आम्ही नवरा-बायको नवीन पनवेलला दोन खोल्यांत राहत होतो आणि सासूबाई गावी, शेताजवळच्या घरात. सासूबाईंना विजेची भीती होती, आणि ती उगाच नव्हती. त्यांचा धाकटा दीर शेतात पंप चालू करायला गेला आणि वायरला हात लागून जागच्या जागी गेला. त्याला त्यांनी मुलासारखा वाढवला होता. तेव्हापासून त्या घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा लाकडी लाटण्यानं दाबायच्या.

मी यंत्राबद्दल सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"वीज अंगाला लावणार? पोटुशी बाय?"

"आई, ही ती वीज नाही. ट्रान्झिस्टरमध्ये सेल असतो ना, तसा सेल आहे."

"वीज ती वीज. आमाला काय कलत नाय काय?" एवढं बोलून त्या उठून गेल्या. मी पुन्हा दोनदा समजावून पाहिलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायला लागायच्या.

थंडी सरत आली होती. एका सकाळी चहा गाळताना कमरेत पहिली कळ आली. सासूबाई चार दिवस आधीच राहायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. पट्ट्या लावायचं काम मी नवऱ्याला आधीच शिकवून ठेवलं होतं. तो शाळेत गणित शिकवायचा. माझ्या पाठीवर त्यानं फूटपट्टी ठेवली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर आहे ना ते बघितलं आणि पेनानं खुणा केल्या.

"अहो, भूमिती नंतर करा," मी म्हटलं.

"वाकडं लागलं तर तूच ओरडशील," तो म्हणाला. पट्ट्या मात्र सरळ लागल्या. दोन वर, बरगड्या संपतात तिथं, आणि दोन खाली, माकडहाडाच्या वर. सासूबाई दाराशी उभ्या राहून पदराचं टोक चावत होत्या.

मी बटण फिरवलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले होते, मुंग्या चालल्यासारखं वाटेल, घाबरू नका. आता माझ्याच पाठीवर त्या मुंग्या चालल्या. रिक्षात बसले तेव्हा मी डबा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. रस्त्यातला प्रत्येक खड्डा लागत होता, पण कळ आली की मी खटका ओढायचे. कळ नसताना यंत्र थांबत थांबत टोचायचं, खटका ओढला की सलग चालायचं. कळ चढायला लागली की माझ्या हाताला काम मिळायचं. वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात पेशंटबरोबर आत एकाच बाईला सोडायचे. नवरा बाहेरच्या बाकावर बसला आणि सासूबाई माझ्याबरोबर आत आल्या. त्यांनी स्टूल घेतलं आणि ते थेट भिंतीला लावून त्यावर बसल्या, माझ्यापासून जमेल तितक्या लांब. तिथून त्या माझ्याकडे आणि वायरींकडे बघत होत्या.

दुपार झाली. कळा जवळजवळ यायला लागल्या. मी बटण वाढवत गेले. डॉक्टर येऊन ठोके ऐकायच्या तेव्हा बंद करायचे, त्या गेल्या की पुन्हा चालू. एकदा बंद असतानाच कळ आली, आणि तेव्हा मला कळलं की यंत्र नक्की किती काम करत होतं. त्या कळेत मी पलंगाची कड सोडली नाही.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा गरगरत थांबला, ट्यूबलाइट विझली. बाहेरच्या खोलीत नर्स कुणाला तरी मेणबत्ती आणायला सांगत होती. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून आम्हाला दिसत होतं. सासूबाई स्टुलावरून उठल्या.

"बंद झाला गं तुजा? आता कसा करशील?"

"नाही बंद झालं आई. चालू आहे."

"लाइट गेली नाय का?"

"गेली. पण हे सेलवर चालतं. मी सांगत होते ना."

त्या दोन पावलं पुढे आल्या. वर थांबलेल्या पंख्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे, त्यावरच्या बारीक लाल दिव्याकडे. मला त्याच वेळी मोठी कळ आली. घामानं हात ओले झाले होते, खटका सापडेना, डबा गादीवर निसटला. तो त्यांनी उचलला. माझे डोळे तेव्हा मिटलेले होते, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकू आला.

"कुठं दाबू? हा का?"

"तोच. पुढे ओढा."

त्यांनी ओढला. पाठीवरून झिणझिण्यांची एक लाट वर गेली. त्यानंतर डबा माझ्या हातात परत आला नाही. स्टूल पलंगाला लागलं. त्या माझ्या कपाळाकडे बघून कळ ओळखायला लागल्या आणि मी तोंड उघडायच्या आत खटका ओढायला लागल्या. कळ गेली की परत मागे. मध्ये मध्ये पदरानं माझं तोंड पुसायच्या. माझ्या आईबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या दुपारी म्हणाल्या, "तुजी आय असती तं तिनं बी हेच केला असता."

शेवटी शेवटी मात्र यंत्र चालू आहे की नाही हे मला कळेनासं झालं. कळांना आता धारही नव्हती आणि टोकही नव्हतं, सगळं एकच होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आता काढ ते." वाद घालणार नाही असं कबूल केलेली मी म्हणाले, "नाही काढणार." डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी एका दमात चारही पट्ट्या ओढून काढल्या. टेपबरोबर कातडी निघाली असं वाटलं, आणि त्याचा मला इतका राग आला की त्या रागातच मी जोर लावला.

मुलगी झाली. तिला पुसून माझ्या छातीवर ठेवली तेव्हा ती रडायचं थांबून आजूबाजूला बघायला लागली. सासूबाईंनी तिच्या पायाची बोटं एकेक करून तपासली आणि म्हणाल्या, "आकडा बरोबर हाय." मग त्या बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याला सांगून आल्या.

मला शेजारच्या खोलीत आणलं, तिथं नवऱ्यालाही येऊ दिलं. ऊन उतरत आलं होतं. थोड्या वेळानं पलीकडून एका बाईचं कण्हणं ऐकू यायला लागलं. माथेरानच्या डोंगराखालच्या वाडीतली ती बाई, वीटभट्टीवर काम करणारी, नवऱ्याबरोबर टेम्पोत बसून आली होती. पहिलंच बाळंतपण. बाळाचं तोंड आईच्या पोटाच्या बाजूला होतं, त्यामुळे सगळ्या कळा कमरेत येत होत्या आणि बाळंतपण पुढे सरकत नव्हतं. तिच्याबरोबर बाई माणूस कुणी नव्हतं.

डॉक्टर माझ्या खोलीत आल्या. त्या माझं ब्लडप्रेशर बघतील असं वाटलं, पण त्या उशाशी ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आता रिकामं आहे का?"

"आहे."

"तिला विचारलंय मी. लावून बघू म्हणते. कुठं लावायचं ते नर्सला सांग. पण ते धरून बसायला माझ्याकडे माणूस नाही."

मी काही बोलायच्या आधी सासूबाई उठल्या. "आमी बसतो," त्या म्हणाल्या. बाळाला त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं, डबा पदराखाली घेतला आणि गेल्या.

मधल्या दाराला फक्त एक पडदा होता. मला सगळं ऐकू येत होतं. त्या बाईनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय व्हईल यानं?"

"काय नाय होत. शेतात पाण्यात पाय टाकला का बारकी मासली चावतंय ना, तसा लागंल. गुदगुल्या."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. ज्या बाईनं आयुष्यात एक पट्टी अंगाला लावून घेतली नव्हती, ती ठामपणे माहिती देत होती. मला हसू आलं आणि हसताना टाके ओढले. थोड्या वेळानं पलीकडून ती बाई म्हणाली, "व्हय. मासलीच हाय." आणि मग दोघी मासळीबद्दलच बोलायला लागल्या. कुठल्या ओढ्याला कुठली मिळते, कशात कालवण चांगलं होतं. कळ आली की बोलणं थांबायचं, सासूबाई तिच्या श्वासाबरोबर "घे, घे, सोड" म्हणायच्या, आणि कळ गेली की तिथूनच पुढे चालू. बाळ फिरलं ते यंत्रामुळे असं मी कधी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, गुडघ्यांवर बसवलं, त्यानं फिरलं. पण तेवढा वेळ ती धीरानं राहिली. दिवेलागणीला तिला मुलगा झाला.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरत धरत आमच्या खोलीत आली. माझ्या मुलीच्या मुठीत तिनं आपलं बोट घातलं आणि सासूबाईंना म्हणाली, "माजा जास्त ओरडतो." सासूबाईंनी तिला घरून आणलेले दोन डिंकाचे लाडू दिले. एक तिनं तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

महिनाभरानं, मी मुलीला पाजत बसले असताना, सासूबाईंनी हळूच विचारलं, "खरंच तसाच लागतं का गं? मासलीसारका?"

"तुम्हीच बघा ना."

त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दुसरीकडे तोंड फिरवून पाय पुढे केला. मी पट्ट्या लावून बटण अगदी थोडं फिरवलं. त्यांनी पायाची बोटं हलवून बघितली. मग म्हणाल्या, "अजून फिरव." पुढे मी कामावर जायला लागल्यावर आठवड्यातून एकदा त्या गावाहून माझ्या दवाखान्यात यायला लागल्या, आणि एकट्या कधीच आल्या नाहीत. विचुंब्याच्या कितीतरी दुखऱ्या गुडघ्यांना त्यांनीच माझ्यापर्यंत आणलं.

त्याच वर्षी डॉक्टर बाईंनी आपल्या प्रसूतिगृहासाठी एक यंत्र घेतलं आणि दिवस भरत आलेल्या बायकांना ते दाखवायला मला बोलावलं. पहिल्याच दिवशी एका पोरसवद्या बाईनं विचारलं, "बाई, यानं दुखायचं थांबतं का?"

"नाही," मी म्हटलं. "दुखतं. पण थोडं कमी, आणि आपल्या हातात काहीतरी राहतं."

तिनं विचार केला. शेजारी तिचा नवरा अवघडून बसला होता, सगळ्या बायकांत तोच एक पुरुष. तो म्हणाला, "खटका मी धरीन."

"तुम्हाला आत सोडणार नाहीत," ती म्हणाली.

त्यानं डॉक्टर बाईंकडे बघितलं. डॉक्टर बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बघू," त्या म्हणाल्या. "हात स्वच्छ धुऊन येणार असाल तर बघू."