सोड्याने धुतलेली ताडपत्री

बाळांनो, सहलीचा तंबू साबणाने खसखसून धुतल्याचं तुम्ही कौतुकाने कळवलंत. वाचून माझं डोकंच तापलं. जाड कापडातून पाणी झिरपत नाही ते त्यातल्या मेणातेलामुळे. साबण आणि सोडा नेमकं तेच काढून टाकतात. मळ साध्या पाण्याने आणि काथ्याच्या कुंच्याने निघतो.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझे वडील इंग्रजी अमलात रस्तेखात्यात होते आणि वर्षाचे कितीतरी महिने आमचं बिऱ्हाड तंबूतच असे. लग्न होऊन म्हसावदकडे आले, तेव्हा सासरची ताडपत्री आपसूकच माझ्याकडे आली. वाळत घातलेल्या मिरच्यांवर रात्री ती पसरायची. मिरची भिजली की काळी पडते, आणि नंदुरबारच्या बाजारात तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

एका माघात नणंदेच्या सासरी लग्न निघालं. मांडवासाठी ताडपत्री गेली आणि परत आली ती पांढरीफटक. विहीणबाई स्वतः गाडीतून घेऊन आल्या होत्या. सासूबाईंना म्हणाल्या, "दखा ईनबाई, तुम्ही दिधी व्हती तेन्हापेक्षा धवळी करी आनी."

घेतलेली वस्तू मळकी परत करू नये, ही आमच्याकडची रीत. कापडाला सोड्याचा वास येत होता. मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी मला आत बोलावून घेतलं. "आपली पोर तठे नांदी ऱ्हायनी. गुपचूप बठ."

बसले. फाल्गुनात अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्री चाळणीसारखी गळली. सकाळी मिरच्यांच्या ढिगात हात घातला तर लगदा लागला. सगळ्यांनी देवाला बोल लावला, थोडा मलाही, की सूनबाईने तेल नीट चोळलं नसेल. सोड्याचं नाव कोणी काढलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली. उन्हं कडक होती, म्हणून मी ताडपत्री अंगणात पसरून पुन्हा मेण द्यायला घेतलं. गरम पाण्याच्या घमेल्यात भांडं ठेवून त्यात मेण आणि जवसाचं तेल एकत्र पातळ करायचं आणि चिंधीने विणीत जिरवायचं. नणंद मदतीला बसली. चिंधी ती बोटांच्या टोकांनीच धरत होती. मी तिचा हात उलटा केला. तळव्याची साल सोलून निघाली होती, नवी कातडी अजून कोवळीच होती.

"ती मीच घसी, वहिनी," ती म्हणाली. "एकटीच."

ते कापड ओलं झालं की दोन गडी लागत उचलायला. सासूबाई ओट्यावर सुपारी कातरत होत्या. त्यांनी ऐकलं आणि मान वर केली नाही. मिरच्या गेल्या तेव्हा मला राग आला होता, पण तो या रागापुढे काहीच नव्हता.

पुढच्या वर्षी नणंदेचे सासरे घरातल्या दुसऱ्या लग्नासाठी पुन्हा ताडपत्री मागायला आले. मी दारात जाऊन म्हटलं, "न्या, मामा. पण धुऊ नका. मळकीच परत पाठवा."

त्यांचा चेहरा उतरला. "आम्ही मळका शेतस का, सूनबाई?" एवढंच बोलून ते ताडपत्री न घेता उठले. घरात माझ्याशी कोणी धड बोलेना. इंग्रजी शिकलेली सून पाव्हण्यांचा मान ठेवत नाही, असं गावभर झालं. आखाजी आली, माहेरवाशिणींसाठी झोके बांधले, पण नणंदेला पाठवलं नाही. सासूबाई दिवसभर वाटेकडे बघत राहिल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत राहिल्या. मलाही धास्ती वाटत होती, ते नाकारत नाही. पण रागाची धार त्याने कमी झाली नाही. हात सोलवून घेतले एकीने, आणि मान राखायचा तो मात्र ताडपत्री धुवायला लावणाऱ्यांचा.

सण उलटून झोके सोडल्यावर नणंद आली. लग्न दुसऱ्याच कोणाच्या ताडपत्रीखाली लागलं होतं, आणि ती धुवायला या वेळी गडी लावले होते, असं तिने सांगितलं. मी मेण पातळ करत होते. तिने चिंधी उचलली आणि पुऱ्या तळव्याने चोळायला लागली.

मला उद्धट म्हणाले ते म्हणाले.