बरोबरचे बटण नसलेला कॅल्क्युलेटर

चामराजपुरममधली ती चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. गेलेली वस्तू एकच होती, एक जुना कॅल्क्युलेटर. मी तेव्हा म्हैसूरच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

फिर्यादी ऐंशीच्या घरातले, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेले मराठी घर. एच. डी. कोटेकडच्या कालव्यांची आकडेमोड त्यांनी त्या परदेशी यंत्रावर केली होती. चोरीपेक्षा त्यांना ते दिवसच सांगायचे होते.

"नोडी, बघा सर, तंबूत एक कंदील आणि याचे लाल आकडे. कंदील विझला तरी हिशेब चालायचा. आता असं काम कुठं!"

मलाही ऐकत बसावेसे वाटले. बरोबर आलेल्या जावयाने तोवर फिर्याद लिहूनही काढली आणि संशयित म्हणून स्वयंपाकाच्या बाईंचे नाव घातले.

ती बातमी गल्लीत पसरली. बाई ज्या इतर घरांत काम करत, तिथल्या लोकांनीही त्यांना येऊ नका म्हणून सांगितले. बाई ठाण्यात येऊन बाकावर बसल्या. "माझं घर तपासा सर, पण लवकर तपासा. सगळी कामं गेली. उद्या चूल कशी पेटवू?"

झडतीत काही मिळाले नाही. मी घरच्यांचे जबाब घेतले. जावयाची पाळी आली तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. "अय्यो, जावयांना काय विचारता? कॉफी घ्या तुम्ही." मी कॉफी घेतली आणि जबाबही घेतला. रविवारी आलो, जेवलो, गेलो, एवढेच त्यात होते.

चोरीचा माल पोलीस भावावरून ओळखतात. दुचाकी कोणी निम्म्या किमतीला देऊ लागला की आमचे कान टवकारतात. पण जुन्या कॅल्क्युलेटरचा भाव कोणाला विचारायचा? हेब्बाळच्या आयटी कंपनीतले एक पुणेकर गृहस्थ अशी यंत्रे जमवतात, असे कळले. मी त्यांना वस्तूचे वर्णन दिले. त्यांनी मला किंमत ठरवायला शिकवले.

"लोक किती मागतात ते बघायचं नाही साहेब, तशीच वस्तू किती रुपयांना विकली गेली ते बघायचं." मग बॅटरी पाझरून आतला पत्रा गंजला आहे का, पडद्यावर सगळे आठ उमटवून आकड्यांच्या सगळ्या रेघा पेटवल्या तर एखादी मेलेली आहे का, मूळ कव्हर आहे का, हे पाहायचे. कशासाठी किती वजा करायचे हे त्यांचे ठरलेले होते. आकड्यांची आवड असल्याने मी ते सगळे मन लावून ऐकले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"साहेब, एक जण तसाच कॅल्क्युलेटर विकतोय. म्हणतो, कॉलेजपासून मीच वापरलाय. आणि मी सूट मागितली नाही तरी स्वतःहूनच भाव उतरवतोय."

"कशाबद्दल?"

"म्हणे, बरोबरचं बटण पडून गेलंय. अहो, या यंत्राला ते बटण नसतंच! आधी दोन्ही आकडे द्यायचे, मग अधिक दाबायचं, की उत्तर येतं. एक दिवस वापरणाऱ्यालाही हे माहीत असतं."

त्यांनी त्या माणसाला हेब्बाळच्या एका हॉटेलात बोलावले. मी साध्या कपड्यांत शेजारच्या टेबलावर बसलो. आला तो जावई. मला पाहून त्याचा चेहरा उतरला, तरी म्हणाला, "साहेब, इकडे कुठे?"

"तुमची वस्तू बघायला."

ठाण्यात त्याने सांगून पाहिले की सासऱ्यांनीच भेट दिली होती. मी यंत्र त्याच्यासमोर ठेवले. "बारा आणि आठ मिळवून दाखवा." त्याने बारा दाबले, अधिक दाबले, आठ दाबले, आणि बोट बटणांवरून नुसते फिरत राहिले. शेवटी म्हणाला, "कपाटात पडून होता. कुणाला कळणार नाही वाटलं."

"मग बाईंचं नाव का घातलंत?"

"कुणाचं तरी घालायला हवं होतं."

मुद्देमाल ओळखायला इंजिनिअर आले. यंत्र हातात घेतल्यावर त्यांचा अंगठा आपोआप चालू लागला. "किती मागत होता?" त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. "फारच कमी," ते म्हणाले.

बाईंनाही मी बोलावले होते. त्या बाकावरून उठून आपल्या मालकांपुढे, इंजिनिअरांपुढे, आल्या. "अय्या, माझं नाव सगळ्यांपुढं घेतलंत. आता चोरी मी केली नाही, हेही सगळ्यांपुढं सांगा."

त्या संध्याकाळी तो म्हातारा माणूस काठी टेकत बाईंबरोबर गल्लीत फिरला. प्रत्येक दारात उभे राहून म्हणाला, "चोरी आमच्या जावयानं केली. या बाईंनी नाही." जावयाला प्रश्नही विचारू नये अशा घरातल्या माणसाला ते बोलणे किती जड गेले असेल! लोकांनी बाईंना कामावर परत बोलावले. इंजिनिअरांनीही बोलावले, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही, अय्या. पण त्या घरी नको."

निवृत्तीनंतर मलाही अशी यंत्रे घ्यायचा नाद लागला. विकणाऱ्याला मी आधी बोलू देतो. ज्याने यंत्र खरेच वापरलेले असते, तो जुन्या दिवसांतच रमतो आणि किमतीवर उशिरा येतो. भाव ठरवताना मला हे आजही उपयोगी पडते.

नोकरीत मात्र त्या केसनंतर माझी एक सवय झाली. फिर्यादीत कोणी संशयिताचे नाव घातले की मी विचारायचो, "हे खोटं निघालं तर यांच्याबरोबर दारोदार जाऊन सांगाल?" बरेच जण थोडा विचार करत आणि म्हणत, "मग नाव नको घालायला, साहेब."