वैजनाथ मापाड्याची झोप

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वैजनाथ मापाड्याचा शब्द आडत्यालाही मान्य आणि शेतकऱ्यालाही. तीस वर्षांत काट्यावर त्यानं कुणाला मूठभर तुरीलाही फसवलं नाही. घरात मात्र बायकोचा, शिवगंगाचा, त्याच्यावर काडीचा भरवसा उरला नव्हता.

कारण साखर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात ती निघाली आणि शिवगंगानं गोडधोड बंद केलं, भात निम्म्यावर आणला. गोळ्याही स्वतःच्या हातानं द्यायची. तरी रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा नवाच्या खाली येईना. मग हा माणूस खातो तरी कुठं? ती सदऱ्याचे खिसे हुंगू लागली. मोंढ्यातल्या मिठाईवाल्याला आडून विचारलं.

"मावशी, अण्णा दुकानाकडं बघत बी न्हाईत," तो म्हणाला. हाही सामील, असं तिच्या मनानं घेतलं.

एकदा बाजारात हमाल सटवाजी सहज बोलून गेला, "अण्णा जेवण झालं की गोदामात जातेत. घंटाभर बाहेर येत न्हाईत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजीची पिशवी घेऊन ती तशीच गोदामावर धडकली.

सोयाबीनच्या थप्पीला टेकून वैजनाथ घोरत होता. घोरण्यापायीच ती कैक वर्षं दुसऱ्या खोलीत निजायची. तिनं पोत्यांमागं पाहिलं. ना पुडी, ना डबा. तेवढ्यात घोरणं थांबलं. छातीही हलेना. ती ओरडणार, तोच बुडता माणूस वर यावा तसा त्यानं दणकन श्वास घेतला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिनं त्याला गदागदा हलवलं.

"इथं झोपायला येता व्हय?"

"रात्री दहादा जाग येते. काट्यावर डोळा लागला तर एखाद्याचं नुकसान व्हायचं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू खाण्याचंच इचारत होतीस. झोपंचं कधी इचारलंस?"

शिवगंगानं हे सांगितल्यावर त्याच्या साखरेच्या डॉक्टर आरतीबाईंनी त्याला झोपेच्या तपासणीसाठी लातूरला धाडलं. "श्वास अडला की शरीर रात्रभर दचकून उठतं," त्या म्हणाल्या. "अशा मोडक्या झोपेनंही साखर वाढते. पण पथ्य आणि गोळ्या सोडायच्या नाहीत."

तिथून झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकाला लावायचं यंत्र मिळालं, ते पाहून शिवगंगा बिचकली. "साखर तोंडातून जाते, मग नाकाला कशाला बांधायचं? इकायचं सोंग हाय सगळं."

तरी लावलं. चार महिन्यांनी साखर आठाच्या आत आली. तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथंही आकडा तोच. त्या रात्री यंत्र तिनंच त्याच्या नाकाला बांधलं.

गोळ्या चालूच राहिल्या. पण वैजनाथ सकाळी चिडचिड न करता उठू लागला. दिवाळीनंतर दोघं नांदेडला लेकीकडं निघाले. रेल्वेत तो खिडकीशी टक्क जागा, बाहेरचं हरभऱ्याचं रान बघत. तो स्टेशनावर काय खातो यावर पहारा न ठेवता परळी यायच्या आतच शिवगंगाचा डोळा लागला, ती नांदेड येईतो उठली नाही.