मुंगी चावल्यासारखं

बालाघाटच्या कॉलेजात इंटर्न म्हणून मी मुलांचं रक्त तपासायचो. रांग लावून द्यायचं काम शिपाईमामांचं. "डरता काहून? मुंगी चावल्यासारखं होते," ते प्रत्येकाला दटावायचे. त्यांचंच बोट मागितलं की मात्र त्यांना घंटा आठवायची. "थांब, बजावून येतो," म्हणून ते सटकायचे आणि तास दहा मिनिटं आधीच सुटायचा.

शेवटच्या दिवशी कटंगीची एक मुलगी रडत रांगेतून निघाली. मामांनी डोळे गच्च मिटून माझ्यापुढं बोट केलं. मी सुई टोचली. "पाह्य बेटा, मले काही झालं का?" म्हणाले, डोळे उघडून बोटावरचं रक्त पाहिलं आणि स्टुलावरून कोसळले.

मुलीनं त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं, मग आपलं बोट माझ्यापुढं धरलं. "घ्या लवकर. रक्त पाहून मामा पुन्हा पडले, तं घंटा कोण बजावन?"